अरण्यातील देवघेव



झाड आपले अन्न कसे मिळवते, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी प्रत्येक जण शाळेत पाठ केलेले उत्तर देईल. पाने हवेतून कर्बवायू घेतात, मुळे जमिनीतून पाणी आणि क्षार घेतात, सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार होते आणि झाड वाढते. हे उत्तर चुकीचे नाही. पण ते अर्धे आहे. राहिलेला अर्धा भाग आज आपल्यापुढे मांडावा, असा आमचा विचार आहे. अरण्यातील झाडाच्या मुळांत जमिनीतून जे येते त्यातले पुष्कळसे त्या मुळांनी स्वतः शोधलेले नसते. ते दुसऱ्या कोणीतरी आणून दिलेले असते आणि त्याची किंमत झाडाने रोजच्या रोज मोजलेली असते. हा आणून देणारा प्राणी नाही आणि वनस्पतीही नाही. तो आहे बुरशी.

बुरशीविषयी आपल्या घरात कोणाचे मत चांगले नसते. पावसाळ्यात चपलांवर चढते ती बुरशी, लोणच्याच्या बरणीचा नाश करते ती बुरशी. तेव्हा या पदार्थनाशक जातीचे काही भाऊबंद मोठमोठ्या अरण्यांचे पोट भरतात असे म्हटले, तर ऐकणाराच्या मनात शंका यावी हे स्वाभाविक आहे. शास्त्रज्ञांच्याही मनात ती आली होती, आणि ती फिटायला पुष्कळ वर्षे लागली. त्याचीच ही हकीकत आहे.

दोघांच्या दोन गरजा

प्रथम ज्या दोन वस्तूंची देवघेव होते त्यांची ओळख करून घेऊ. एक कर्ब आणि दुसरे नत्र. कर्ब हे सजीवाचे इंधन आणि बांधकामाचे सामान. साखर, पिठूळ पदार्थ, लाकूड या सर्वांचा कणा कर्बाचा. नत्रावाचून प्रथिने बनत नाहीत, आणि प्रथिनांवाचून जिवंत पेशीचे एकही काम चालत नाही. पानातले हरितद्रव्यदेखील नत्रावाचून तयार होत नाही.

आता गंमत पाहा. आपल्या भोवतालच्या हवेत सुमारे ७८ टक्के नत्र आहे. पण झाडाला त्याचा काही उपयोग नाही. हवेतील नत्राचे दोन दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की त्यांना सोडवण्याची ताकद झाडापाशी नाही. भुईमूग, हरभरा यांच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू ते काम करतात, हे आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. परंतु पाइन, स्प्रूस, बीच किंवा ओक या वृक्षांच्या मुळांवर अशा गाठी नसतात. त्यांना नत्र हवे तर ते जमिनीतूनच मिळवले पाहिजे.

आज आपण मुख्यतः स्वीडनच्या अरण्यात जाणार आहोत, कारण या विषयाचे निर्णायक प्रयोग बव्हंशी तेथेच झाले. तिकडे वर्षातील अनेक महिने थंडीचे. जमीन आम्लधर्मी. पाइनच्या सुया खाली पडतात, पण थंडीमुळे लवकर कुजत नाहीत. त्यांचा थरावर थर चढत जातो. त्या थरात नत्र भरपूर असते. पण ते प्रथिनांत आणि त्यांना चिकटून बसलेल्या टॅनिनसारख्या द्रव्यांत कोंडलेले असते. कणगी धान्याने भरलेली आहे, दाराला कुलूप आहे आणि किल्ली शेजाऱ्यापाशी आहे, अशी त्या झाडाची अवस्था असते.

हा शेजारी म्हणजे बुरशी. तिचे शरीर म्हणजे अतिशय बारीक तंतूंचे जाळे. आपण जिला अळंबी म्हणतो ते या जाळ्याचे काही दिवसांपुरते वर आलेले फळ. खरे शरीर जमिनीखाली असते. हे तंतू आपल्या अंगातून पाचकद्रव्ये बाहेर सोडून कुजक्या थरातील प्रथिने फोडू शकतात. किल्ली आहे ती ही. पण बुरशीच्या अंगी हरितद्रव्य नाही, त्यामुळे तिला साखर करता येत नाही. झाडापाशी साखर आहे, नत्र नाही. बुरशीपाशी नत्राची किल्ली आहे, साखर नाही. देवघेवीला याहून चांगले निमित्त कोणते हवे?

खवय्यांच्या निमित्ताने लागलेला शोध

ही देवघेव प्रथम लक्षात आली ती मात्र दुसऱ्याच कामात. ट्रफल नावाची जमिनीखाली वाढणारी एक बुरशी युरोपातील खवय्यांना फार प्रिय आहे. तिची लागवड करता येईल काय, हे प्रशियाच्या सरकारला जाणून घ्यायचे होते. ते काम बर्लिनचे वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांच्याकडे आले. ट्रफलची लागवड त्यांना साधली नाही. पण ट्रफल झाडांच्या आसऱ्याने का वाढते हे पाहण्यासाठी त्यांनी मुळे खणून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तेव्हा एक वेगळीच गोष्ट दिसली. ओक, बीच, हॉर्नबीम, पाइन अशा वृक्षांच्या बारीक मुळ्यांची टोके उघडी नव्हतीच. लहान मुलाच्या डोक्याला टोपडे घालावे तसे बुरशीचे टोपडे त्या प्रत्येक टोकावर होते. मुळाच्या आणि मातीच्या मध्ये सर्वत्र बुरशी होती. म्हणजे मुळात जे जाईल ते तिच्यामार्फतच जाणार, हे उघड होते.

१८८५ मध्ये फ्रांक यांनी या जोडअवयवाला बुरशी आणि मूळ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून मायकोरायझा असे नाव दिले. मराठीत आपण त्याला कवकमूळ म्हणू. फ्रांक यांनी पुढे जाऊन असेही सांगितले की हा रोग नाही. ही बुरशी झाडाची दाई आहे. या म्हणण्यावर त्या काळी पुष्कळ टीका झाली. बुरशी म्हणजे झाडाचा रोग, हे त्या पिढीचे शिक्षण होते. टीकाकारांमध्ये वृक्षरोगांचे मोठे जाणकार रॉबर्ट हार्टिग होते. योगायोग असा की टोपड्यातून आत शिरून मुळाच्या बाहेरच्या पेशींभोवती बुरशीचे जे नाजूक जाळे पसरते, त्याचे वर्णन रॉबर्ट हार्टिग यांचे वडील थिओडोर यांनी कित्येक वर्षे आधी करून ठेवले होते. ती बुरशी आहे हे मात्र त्यांना उमगले नव्हते. त्या जाळ्याला आजही हार्टिगचे जाळे असेच म्हणतात. वडिलांच्या नावाच्या या जाळ्यातच पुढे देवघेवीची खरी पेठ सापडली.

फ्रांक केवळ मत सांगून थांबले नाहीत. त्यांनी पाइनची रोपे काही साध्या वनमातीत आणि काही उष्णतेने निर्जंतुक केलेल्या मातीत वाढवली. माती एकच, फरक इतकाच की दुसरीतली बुरशी मेलेली. बुरशी असलेल्या मातीतली रोपे जोमाने वाढली, दुसरी मागे पडली. हाच अनुभव पुढे वनखात्यांना स्वतःच्या खर्चाने आला. पोर्तो रिको बेटावर पाइनची लागवड वारंवार फसत होती; रोपे पिवळी पडून मरत. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील पाइनवनाची थोडी माती आणून रोपांच्या मुळाशी घातली, तेव्हा ती तरारून वाढू लागली. बियाणे आणले होते, खत घातले होते, पाणीही होते. जोडीदार तेवढा आणायचा राहिला होता.

हिशेबाची वही

तरीही शंकेखोर विचारू शकत होता की बुरशी नत्र देते आणि झाड साखर देते हे कोणी डोळ्यांनी पाहिले? रोप जोमाने वाढले एवढ्यावरून कोणी कोणाला काय दिले हे सिद्ध होत नाही. यासाठी मालावर खूण करण्याची युक्ती हवी होती. गुराखी आपल्या गुरांच्या शिंगांना रंग लावतो, मग ती कोणाच्याही कळपात मिसळली तरी ओळखू येतात. अणूंच्या बाबतीत ही सोय समस्थानिकांनी केली. नेहमीच्या नत्राहून किंचित जड असा एक नत्र असतो. कर्बाचा आणि स्फुरदाचा किरणोत्सर्ग करणारा प्रकार असतो. रासायनिक वागणूक सारखी, पण उपकरणाला ते वेगळे ओळखू येतात.

स्वीडनमधील उपसाला येथे एलियास मेलिन आणि त्यांचे सहकारी हाराल्ड निल्सन यांनी ही युक्ती योजली. काचपात्रात पाइनचे रोप, त्याच्या मुळांवर एकच ओळखीची बुरशी आणि जेथे केवळ बुरशीचे तंतूच पोहोचतील, मूळ पोहोचणार नाही, अशा जागी खूण केलेला माल. १९५० मध्ये त्यांनी स्फुरद तंतूंमार्फत रोपात पोहोचल्याचे दाखवले. १९५२ मध्ये अमोनियातील जड नत्राचा तोच प्रवास दाखवला. राहिली किंमत. १९५७ मध्ये त्यांनी रोपाच्या पानांना किरणोत्सर्गी कर्बाचा वायू दिला, आणि त्या कर्बापासून झालेले अन्न मुळावरच्या बुरशीत आढळले. माल आला, पैसे गेले; दोन्ही नोंदी वहीत उतरल्या.

ही देवघेव चालते कशी, तेही आता बरेच समजले आहे. पानांत झालेली साखर सालीच्या आतल्या बाजूने मुळाच्या टोकापर्यंत उतरते. तेथे तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग होतात आणि बुरशी ते उचलते. उचलल्याबरोबर ती त्यांचे रूप पालटते. ट्रेहॅलोज, मॅनिटॉल, ग्लायकोजेन असे पदार्थ करून ठेवते. त्यामुळे बुरशीकडे साखरेची सतत उणीव राहते आणि झाडाकडून ओघ चालूच राहतो. उलट दिशेने बुरशी अमोनियाच्या किंवा ग्लुटामिनसारख्या अमिनो आम्लांच्या रूपाने नत्र पेठेत आणते आणि मूळ ते घेते.

हे काम झाडाने स्वतःच का करू नये? त्याचे उत्तर काटकसरीत आहे. बुरशीचा तंतू मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागाएवढा जाड. झाडाची बारीकातली बारीक मुळी त्याच्या कितीतरी पट जाड. जेवढ्या साखरेत इंचभर मुळी वाढेल तेवढ्या साखरेत कितीतरी लांब तंतू तयार होतो, आणि मुळी जेथे शिरू शकत नाही त्या फटीत तो शिरतो.

हा नत्र बुरशी कोठून आणते त्याचा एक नमुना चटका लावणारा आहे. जमिनीत स्प्रिंगटेल नावाचे टिचभरही नसणारे, उड्या मारणारे बारीक किडे असतात. ते बुरशी खातात असा समज होता. कॅनडातील जॉन क्लिरोनोमोस आणि मिरांडा हार्ट यांनी २००१ मध्ये दाखवले की लॅकेरिया नावाची बुरशी उलट या किड्यांनाच मारते आणि त्यांच्या देहातील नत्र पांढऱ्या पाइनच्या रोपाला पोहोचवते. त्यांच्या प्रयोगात रोपाच्या नत्रापैकी पाव हिश्शापर्यंत नत्र या वाटेने आले होते. झाड स्वतः शिकार करीत नाही; पण शिकाऱ्याला पोसते, एवढे खरे.

बलुते

आपल्याकडे जुन्या गावगाड्यात बलुत्याची रीत होती. सुतार, लोहार, कुंभार वर्षभर कुणब्याचे काम करीत आणि सुगीला खळ्यावरून धान्य नेत. प्रत्येक फाळाला नि प्रत्येक मडक्याला वेगळे पैसे नसत. त्या रीतीत जे जाच होते ते आपण विसरलेलो नाही, आणि तिचे गुणगान करण्याचा आमचा हेतूही नाही. परंतु अरण्यातील व्यवहार समजावून घ्यायला तिचा उपयोग होतो. झाड हा साखर पिकवणारा कुणबी, बुरशी हा बलुतेदार.

हे बलुते किती मोठे आहे याचा अंदाज स्वीडनच्याच उत्तर भागात पेटर ह्योगबेर्ग यांच्या गटाने केलेल्या एका प्रयोगावरून येतो. तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी पाइनच्या वनातील काही पट्ट्यांत प्रत्येक झाडाच्या खोडाभोवतीचा सालीचा कडे काढून टाकला. लाकडातून पाणी वर जातच राहिले, पाने हिरवीच राहिली. फक्त सालीतून साखर खाली उतरण्याची वाट बंद झाली. मग जमिनीतून निघणारा कर्बवायू मोजला. हा वायू म्हणजे जमिनीखालच्या सर्व जीवांचा श्वास. पाच दिवसांच्या आत तो काही ठिकाणी ३७ टक्क्यांपर्यंत घटला आणि एक-दोन महिन्यांत सुमारे ५४ टक्क्यांनी खाली आला. याचा अर्थ काय? अरण्याच्या जमिनीचा निम्म्याहून अधिक श्वास जुन्या कुजक्या पाल्यावर चालत नव्हता. तो काही दिवसांपूर्वी पानांत तयार झालेल्या ताज्या साखरेवर चालला होता, आणि तो श्वास होता मुळांचा व त्यांना लागून असलेल्या बुरशीचा आणि जीवाणूंचा. पान आणि जमीन यांच्यामध्ये उधारी फार दिवस चालत नाही.

झाडाकडून झाडाकडे?

आता या विषयातील सर्वांत गाजलेल्या प्रश्नाकडे वळू. एका बुरशीचे जाळे अनेक झाडांच्या मुळांना लागलेले असू शकते. मग एका झाडाची साखर त्या जाळ्यातून दुसऱ्या झाडाला जाते काय?

एका बाबतीत याचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. मोनोट्रोपा नावाची एक फिकट, हरितद्रव्यविरहित वनस्पती युरोपातील पाइन आणि स्प्रूस यांच्या छायेत उगवते. स्वीडनमधील एरिक ब्यॉर्कमन यांनी १९६० मध्ये जवळच्या झाडाच्या सालीत खूण केलेली साखर सोडली, आणि ती काही दिवसांनी मोनोट्रोपात आढळली. बुरशी झाडाकडून साखर घेते आणि ही फुकटी वनस्पती बुरशीकडून घेते.

पण दोन हिरव्या झाडांचे काय? कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सुझॅन सिमार्ड यांनी बर्च आणि डग्लस फर यांची रोपे शेजारी शेजारी लावली. एकाला एका प्रकारच्या कर्बाची खूण केली आणि दुसऱ्याला दुसऱ्या प्रकारच्या. १९९७ मध्ये त्यांनी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार कर्ब दोन्ही दिशांनी गेला होता, पण फरला निव्वळ लाभ झाला होता, सरासरीने हा लाभ प्रकाशसंश्लेषणाने घेतलेल्या खुणेच्या कर्बाच्या सहा टक्क्यांइतका होता आणि सावलीतल्या फरला अधिक मिळाले होते. २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेलजवळच्या अरण्यात चाळीस मीटर उंच स्प्रूस वृक्षांना पाच वर्षे खुणेचा कर्बवायू दिल्यावर ती खूण शेजारच्या वेगळ्या जातींच्या वृक्षांच्या बारीक मुळ्यांत सापडली.

या प्रयोगांतून एक सुंदर कथा जन्मास आली. अरण्य म्हणजे एक कुटुंब, जुना वृक्ष म्हणजे आई, ती बुरशीच्या जाळ्यातून आपल्या लेकरांना दूध पाजते. ही कथा ऐकताना मन भरून येते. परंतु श्रोतेहो, ज्या व्यासपीठावर आपण ज्ञानासाठी जमलो आहोत तेथे मन भरून आले एवढ्यावर थांबता येणार नाही. सिमार्ड यांच्याच प्रयोगात शेजारी लाल सिडरचे रोपही होते. त्याच्या मुळांना या जातीची बुरशी लागत नाही. तरी त्याच्यातही थोडी खूण गेली होती. म्हणजे काही कर्ब जाळ्याबाहेरूनही जातो. मुळे आणि बुरशी श्वासावाटे कर्बवायू सोडतात आणि शेजारी तो घेऊ शकतो. मुळांतून पाझरलेले पदार्थ पाण्याबरोबर सरकतात. शिवाय मुळीत सापडलेली खूण त्या मुळीतल्या झाडाची की तिला गुंडाळून बसलेल्या बुरशीची, हेही ठरवावे लागते. बलुतेदाराच्या घरी धान्य सापडले म्हणून ते शेजारच्या कुणब्याने खाल्ले असे होत नाही.

२०२३ मध्ये जस्टिन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन हुक्सेमा या तीन अभ्यासकांनी सर्व पुरावा पुन्हा तपासला. त्यांतल्या जोन्स या सिमार्ड यांच्या १९९७ च्या प्रयोगात सहकारी होत्या. त्यांचा निर्वाळा असा की प्रत्यक्ष अरण्यात असे जाळे सर्वत्र पसरलेले आहे, त्यातून झाडांना लाभ होईल इतका माल जातो आणि प्रौढ वृक्ष आपल्या संततीला निवडून पोसतात, ही विधाने पुराव्याच्या कितीतरी पुढे धावली आहेत. आपल्याच विषयाविषयी असे सांगायला धैर्य लागते. झाड आणि बुरशी यांची देवघेव पक्की सिद्ध आहे. झाड आणि झाड यांच्यातली अजून तपासाधीन आहे. हा भेद आपण घरी घेऊन जावा, अशी आमची विनंती आहे.

बलुतेदार सावकार होतो तेव्हा

झाड आणि बुरशी यांची देवघेव तरी नेहमी दोघांच्या हिताचीच असते काय? स्वीडनमधील टोर्ग्नी नेस्होल्म आणि त्यांचे सहकारी यांनी २०१३ मध्ये याचे अस्वस्थ करणारे उत्तर दिले. जेथे नत्र फार दुर्मीळ असते तेथे बुरशी मिळालेल्या नत्रापैकी पुष्कळसे स्वतःच्याच देहासाठी ठेवून घेते आणि झाडाला थोडे देते. झाडाने साखर वाढवली की बुरशीचे जाळे वाढते, जाळ्याची नत्राची भूक वाढते आणि जमिनीतला मोकळा नत्र आणखी घटतो. म्हणजे ज्या दारिद्र्यावर उपाय म्हणून हा करार केला, तेच दारिद्र्य करारामुळे टिकून राहते.

मग झाड करार मोडत का नाही? कारण ते एकटे नाही. प्रत्येक झाडाच्या मुळांवर अनेक बुरशी असतात आणि प्रत्येक बुरशीला अनेक झाडे. एका झाडाने साखर आखडली तर त्याला मिळणारे थोडेसे नत्र शेजाऱ्याकडे वळते. सर्वांनी मिळून आखडली तर कदाचित सर्वांचे भले होईल. पण एकट्याने आखडली तर त्याचेच नुकसान. म्हणून सर्व झाडे देत राहतात. कोणी फसवत नाही, कोणी उदारही नाही. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी सावकारी पाहिली असेल, त्यांना हा पेच वेगळा समजावून सांगायला नको.

आपला संबंध काय?

कोणी म्हणेल, स्वीडनच्या झाडांच्या कर्जबाजारीपणाशी आम्हां शहरवासीयांना काय कर्तव्य? कर्तव्य आहे, आणि ते हवेतून आले आहे.

एक तर कारखान्यांचा, मोटारींचा आणि शेतीतील खतांचा नत्र वाऱ्याबरोबर अरण्यांवर पडतो. झाडाला नत्र असा फुकट मिळू लागला की ते बुरशीला साखर कमी देते. नेदरलँड्समध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाडांच्या सोबत्या अळंब्या ठिकठिकाणी कमी झाल्या. त्याच्या कारणांत या आगंतुक नत्राचा वाटा मोठा होता. आज फुकटच्या नत्रावर झाड हिरवेगार दिसेल. पण स्फुरद आणि पाणी आणून देणारा जुना बलुतेदार गाव सोडून गेलेला असेल.

दुसरी गोष्ट कर्बाची. बुरशीला दिलेली साखर सगळीच श्वासात उडून जात नाही. तंतू मरतात, त्यांचे अवशेष जमिनीत साचतात. कारिना क्लेमेन्सेन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये उत्तर स्वीडनच्या सरोवरांतील बेटांवरची जमीन तपासली. तेथे साठलेल्या कर्बापैकी ५० ते ७० टक्के कर्ब पाचोळ्यातून आलेला नव्हता. तो मुळे आणि त्यांच्या सोबत्यांमार्फत आलेला होता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ढोबळ अंदाजाप्रमाणे पृथ्वीवरील वनस्पती दरवर्षी आपल्या मुळांवरच्या बुरशीला सुमारे १३ अब्ज टन कर्बवायूइतका कर्ब देतात. त्यातला सर्वच जमिनीत टिकतो असे नाही. पण माणसाने हवेत सोडलेल्या कर्बवायूची चिंता करताना या खात्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

तिसरी गोष्ट वृक्षतोडीची. अरण्य सपाट तोडले की साखरेचा ओघ थांबतो आणि खालचे जाळे उपासमारीने मरते. स्वीडनमधील प्रयोगांत असे दिसले आहे की तोड करताना जितकी झाडे मागे ठेवावीत तितक्या प्रमाणात बुरशीही टिकते. एक झाड तोडून दुसरे लावले की हिशेब पुरा झाला, असे समजणाऱ्यांनी झाडाखालच्या अर्ध्या अरण्याचाही हिशेब द्यायला हवा.

आपली अरण्ये

शेवटी आपल्याकडे वळू. स्वीडनचे नियम जसेच्या तसे सह्याद्रीला लावता येत नाहीत. आपल्या सागाच्या मुळांवर टोपडे नसते. तेथील बुरशी दुसऱ्या कुळातली. ती मुळाच्या पेशीत शिरून झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी करते, मुख्यतः स्फुरद आणून देते आणि तिला अळंबीही येत नाही. ही मैत्री फार जुनी. स्कॉटलंडमधील रायनी गावच्या खडकात सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या, धड मुळेही नसलेल्या वनस्पतींच्या आत अशाच नक्षीचे अवशेष सापडले आहेत. आपली ज्वारी, आंबा, कांदा हेही याच बुरशीचे सोबती.

पण टोपडेवाली बुरशी पाहायला फार लांब जायला नको. मध्य भारतातील शालवृक्षाच्या मुळांवर ती असते. पावसाच्या पहिल्या सरींनंतर बस्तरच्या शालवनांत जमिनीखालून बोडा नावाचे गोल कंदासारखे पदार्थ खणून काढतात आणि ते बाजारात चढ्या भावाने विकले जातात. बोडा हे शालाच्या सोबती बुरशीचेच फळ. शाल तोडून बोडा राखता येणार नाही. उलट कोकणात आणि गोव्यात श्रावणाच्या सुमारास वारुळांवर येणारी चविष्ट अळंबी झाडाची सोबती नव्हे, ती वाळवीची. वाळवी वारुळात तिची शेती करते. प्रत्येक अळंबीमागे कोणता करार आहे हे ओळखूनच बोलले पाहिजे.

असो. येत्या पावसाळ्यात एखाद्या वनात गेलात, पायाखाली अळंबी दिसली, तर ती काठीने उडवून देण्यापूर्वी जवळच्या झाडाकडे एकदा पाहा. वर पानांत सकाळी तयार झालेली साखर आणखी काही दिवसांनी बहुधा त्याच पायाखालच्या तंतूंत उतरणार आहे, आणि तिच्या बदल्यात झाडाला काय मिळणार आहे याचा हिशेब अजून पुरता लागलेला नाही. तो लावायला आपल्याच घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी पुढे आली, तर आजच्या या संध्याकाळचे सार्थक झाले असे आम्ही समजू.